मनावरचे ओझे कसे मोजतात?

नवी मुंबईच्या दक्षिणेस न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर आहे. २६ मे १९८९ रोजी ते सुरू झाले. तीनशे मीटरांहून अधिक लांबीची मालवाहू जहाजे तेथे येतात. असे जहाज मोटारीप्रमाणे झटकन थांबत नाही. यंत्र बंद केले तरी ते बराच पल्ला पुढे सरकत राहते. म्हणून जहाज बंदराजवळ आले म्हणजे तेथील पाण्याची खडान्‌खडा माहिती असलेला पायलट लाँचमधून येतो व दोराच्या शिडीने वर चढून कप्तानाला वाट दाखवितो.

त्या वेळी त्याच्या मनात काय काय चाललेले असते! ओहोटीचा ओघ, वाऱ्याचा जोर, रडारवरील ठिपके, टगला द्यावयाचे हुकूम, बिनतारी यंत्रावरील बोलणी आणि मध्येच आडवी येणारी एखादी मच्छीमार होडी. मुंबई व न्हावा-शेवा या दोन्ही बंदरांकडे जाणारा मार्ग काही अंतरापर्यंत एकच असल्याने तेथे जहाजांची गर्दीही असते.

७ ऑगस्ट २०१० रोजी सकाळी न्हावा-शेव्याहून निघालेले ‘एमएससी चित्रा’ आणि बंदराकडे येणारे ‘खलिजिया ३’ या दोन जहाजांची मुंबईजवळच्या समुद्रात टक्कर झाली. ‘चित्रा’ एका कुशीवर कलली आणि तिच्यावरील शेकडो कंटेनर पाण्यात पडले. तेलाचा तवंग रायगडच्या किनाऱ्यापर्यंत पसरला व दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस थांबवावी लागली. असा अपघात घडला म्हणजे यंत्रे कशी होती, हे तर पाहतातच; परंतु ती चालविणाऱ्यांच्या मनावर त्या क्षणी किती भार होता, हाही प्रश्न शास्त्रज्ञांना विचारावासा वाटतो.

हमालाच्या पाठीवरचे पोते तराजूत घालता येते. मनावरचे ओझे कोणत्या तराजूत घालावयाचे?

सर्वांत सोपा उपाय म्हणजे त्या माणसालाच विचारणे. अमेरिकेतील ‘नासा’ या संस्थेसाठी सँड्रा हार्ट व लोवेल स्टेव्हलँड यांनी तयार केलेली एक प्रश्नावली १९८८ मध्ये प्रसिद्ध झाली. विचारांचा ताण, शरीराचे श्रम, वेळेची घाई, काम कितपत साधले, त्यासाठी किती झटावे लागले आणि मन किती वैतागले, अशा सहा गोष्टींना काम करणाऱ्याने स्वतःच गुण द्यावयाचे असतात. ही रीत वैमानिकांपासून खलाशांपर्यंत सर्वांना लावता येते. मात्र तिच्यात एक उणीव आहे. उत्तर काम संपल्यावर मिळते, आणि मुरलेला दर्यावर्दी आपण गोंधळलो होतो असे सहसा कबूल करीत नाही!

म्हणून शरीराची साक्ष काढावी लागते. निरोगी हृदयाचे ठोके घड्याळासारखे अगदी समान अंतराने पडत नाहीत. त्यांच्यातील अंतर किंचित कमीजास्त होत असते. मन कठीण कामात गुंतले की हा चढउतार कमी होतो. डोळ्यांच्या बाहुल्याही अशीच साक्ष देतात. डॅनियल कानेमन व जॅक्सन बीटी यांनी १९६६ मध्ये दाखवून दिले, की आकडे लक्षात ठेवताना प्रत्येक नव्या आकड्यासरशी बाहुली थोडी थोडी रुंदावते आणि आकडे म्हणून दाखविताना पुन्हा आकसते. परंतु अंधारातही बाहुली मोठी होते, आणि रात्री जहाजाच्या सुकाणूघरात तर मुद्दाम अंधार ठेवलेला असतो! यासाठी एकाच मापावर विसंबून न राहता चार मापे ताडून पाहणे इष्ट ठरते.

भार फार असला म्हणजेच धोका, असे मात्र नाही. दुसऱ्या महायुद्धात विमानातून रडारवर पाणबुड्यांचा माग काढणाऱ्या सैनिकांच्या नजरेतून काही खुणा निसटत. नॉर्मन मॅकवर्थ या ब्रिटिश संशोधकाने त्याचा छडा लावण्यासाठी एक साधे घड्याळ बनविले. त्याचा काटा टप्प्याटप्प्याने सरके. क्वचित एकदम दोन टप्पे उडी मारी. ती उडी दिसली की कळ दाबावयाची, एवढेच काम. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांत पहिल्या अर्ध्या तासानंतरच चुका वाढू लागल्याचे आढळले. मध्यरात्री बारा ते चार पहारा करणारा जहाजावरील अधिकारी आणि स्वयंचलित यंत्राच्या हाती विमान सोपवून तासन्‌तास बसलेला वैमानिक, दोघांचीही अडचण हीच. फार थोडे काम असलेले मन पेंगू लागते आणि नेमके त्याच वेळी संकट उभे राहते.

नेरूळ येथे ‘चाणक्य’ ही नौकानयनाचे शिक्षण देणारी संस्था आहे. १९२७ साली सुरू झालेल्या ‘डफरिन’ या प्रशिक्षण-जहाजाची परंपरा तिने पुढे चालविली आहे. अशा शिक्षणात आता खोट्या सुकाणूघराचा, म्हणजे सिम्युलेटरचा, उपयोग होतो. पडद्यावर धुके दाटते, समोरून जहाज येते, एखादे यंत्र बिघडते. आणि चूक झाली तरी कोणी बुडत नाही. हृदयाचे ठोके व डोळ्यांच्या हालचाली टिपावयाच्या तर याहून सोयीची जागा नाही.

पहारा करणाऱ्या खलाशांना २४ तासांत किमान १० तास आणि सात दिवसांत किमान ७७ तास विश्रांती मिळाली पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. हे तास जहाजाच्या नोंदवहीत लिहितात. पण इंजिनाच्या धडधडीत आणि लाटांच्या हेलकाव्यांत त्यांपैकी किती वेळ डोळा लागला, हे नोंदवहीला कळत नाही. म्हणून संशोधक आता खलाशाच्या मनगटावर हालचाल टिपणारे एक छोटे यंत्र बांधतात आणि त्याच्या झोपेचाही हिशेब घेतात.