आगमन पत्रिका आता कागदावर नाही : परदेशी जाणाऱ्या भाविकांनी काय ध्यानात घ्यावे

हिंगोली जिल्ह्यात विमानतळ नाही. येथून परदेशी निघालेला मनुष्य प्रथम मुंबई किंवा हैदराबाद गाठतो आणि मगच विमानात बसतो. तरीही सीमा आणि तपासणी हे शब्द या भागाला नवे नाहीत. सप्टेंबर 1948 पर्यंत हिंगोली हैदराबाद संस्थानात होती, तर पैनगंगेपलीकडचा वऱ्हाड संस्थानाच्या कारभाराबाहेर होता. माल घेऊन हद्द ओलांडणाऱ्यास संस्थानाच्या करोडगिरी खात्याला, म्हणजे जकात खात्याला, तोंड द्यावे लागे. तो नाका डोळ्यांना दिसत असे. आज अनेक देशांच्या सीमेवरील तपासणीचा पहिला भाग मात्र प्रवासी घरी असतानाच सुरू होतो. हा बदल नेमका कोणता आणि त्यासाठी आपण कोणती तयारी करावी, हे समजून घेऊ या.

पूर्वी विमान उतरण्याच्या सुमारास प्रवाशांना एक छोटे छापील कार्ड दिले जात असे. नाव, पासपोर्टचा क्रमांक, विमानाचा क्रमांक, मुक्कामाचा पत्ता आणि प्रवासाचे कारण एवढे त्यावर लिहून खाली सही करावयाची असे. आखाती देशांत मजुरी करून परतणाऱ्या, लिहिण्याचा सराव नसलेल्या बांधवांना हे कार्ड म्हणजे मोठे संकट वाटे. परंतु शेजारच्या आसनावरील कोणी सहप्रवासी खिशातील पेन काढून एकामागून एक चार जणांची कार्डे भरून देत असे. कार्डावरील इंग्रजी न कळणाऱ्याचेही काम त्यामुळे अडत नसे.

भारताने आपल्या नागरिकांसाठी हे कार्ड पूर्वीच बंद केले. मायदेशी परतणाऱ्या भारतीयांना 1 मार्च 2014 पासून आगमन कार्ड भरावे लागत नाही आणि परदेशी जाताना भरावयाचे कार्डही 1 जुलै 2017 पासून रद्द झाले. याचे कारण साधे आहे. पासपोर्टवर छायाचित्राच्या पानाच्या तळाशी प्रत्येकी 44 अक्षरांच्या दोन ओळी असतात. त्या ओळी यंत्राने वाचल्या की नाव, जन्मतारीख, राष्ट्रीयत्व आणि पासपोर्ट क्रमांक अधिकाऱ्यासमोर येतो. विमान कंपन्याही प्रवाशांची यादी आगाऊ पाठवितात. तीच माहिती पुन्हा हाताने लिहून घेण्याचे प्रयोजन उरले नाही.

मुक्कामाचा पत्ता आणि प्रवासाचे कारण मात्र पासपोर्टमध्ये नसते. म्हणून अनेक देशांनी पत्रिका रद्द न करता ती संकेतस्थळावर नेली. थायलंडने 1 मे 2025 पासून संगणकीय आगमन पत्रिका सक्तीची केली आहे. सिंगापूर आणि मलेशिया येथेही अशीच पद्धत आहे. या तिन्ही देशांत पोहोचण्यापूर्वीच्या तीन दिवसांत पत्रिका भरावयाची असते आणि त्यासाठी शुल्क नाही. भारतानेही 1 ऑक्टोबर 2025 पासून परदेशी नागरिकांसाठी ‘ई-आगमन पत्रिका’ सुरू केली असून ती येण्यापूर्वीच्या 72 तासांत भरता येते. आपल्या धर्मग्रामात एखाद्या धर्मभगिनी संघाच्या परदेशी पाहुण्या येणार असतील, किंवा परदेशाचे नागरिकत्व घेतलेला आप्त सुटीवर येणार असेल, तर त्यांना याची आठवण जरूर करून द्यावी.

रोम, लूर्द किंवा फातिमा येथे जाणाऱ्या यात्रेकरूंसाठी युरोपातील पद्धत निराळी आहे. तेथे 12 ऑक्टोबर 2025 पासून प्रवेश व निर्गमनाची संगणकीय नोंदणी टप्प्याटप्प्याने सुरू झाली. शेंगेन गटातील 29 देश तिच्यात सहभागी आहेत. पासपोर्टवर शिक्का मारण्याऐवजी प्रवाशाची नोंद आणि चेहऱ्याचे छायाचित्र संगणकात साठविले जाते. बोटांचे ठसे आपण व्हिसा घेताना दिलेलेच असतात. या नोंदणीसाठी घरून कोणताही अर्ज करावयाचा नाही आणि पैसेही भरावयाचे नाहीत. कोणत्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहण्याची मर्यादा आता संगणक स्वतः मोजतो. म्हणून परतीची तारीख चुकवू नये. दीर्घ मुदतीचा व्हिसा किंवा निवास परवाना घेऊन शिक्षणासाठी राहणारे धर्मगुरू व धर्मभगिनी यांना ही नोंदणी लागू नाही.

ख्रिस्तसभेनेही हा मार्ग अनुसरला आहे. 24 डिसेंबर 2024 ते 6 जानेवारी 2026 या ज्युबिली वर्षात रोमला आलेल्या यात्रेकरूंसाठी मोबाइलवर चालणारे विनामूल्य यात्रेकरू कार्ड होते आणि पवित्र द्वारातून जाण्याची नोंदणी त्याद्वारेच केली जात असे.

या बदलाचे लाभ आहेत. रांगेतील वेळ वाचतो, अक्षर न लागल्याने होणाऱ्या चुका टळतात. परंतु एक गोष्ट आम्हांस चिंतेची वाटते. कागदी कार्ड विमानात भरले जाई आणि तेथे मदतीला शेजारी असे. नवी पत्रिका प्रवासाला निघण्यापूर्वीच भरावी लागते. ज्याच्यापाशी ई-मेल नाही, ज्याला इंग्रजी वाचता येत नाही, त्याने मदत कोठे शोधावी? अशा वेळी मनुष्य दलालाकडे जातो किंवा मोबाइलवर जे पहिले संकेतस्थळ दिसेल त्यावर माहिती भरतो. सरकारी पानासारखीच दिसणारी आणि विनामूल्य पत्रिकेसाठी पैसे उकळणारी खासगी संकेतस्थळे अस्तित्वात आहेत. त्यांत पैसे तर जातातच, शिवाय पासपोर्टची माहिती परक्याच्या हाती पडते.

यासाठी काही गोष्टी पाळाव्यात. पहिली, संकेतस्थळाचा पत्ता नीट वाचावा. भारत सरकारच्या पत्त्याचा शेवट ‘जीओव्ही डॉट इन’ असा असतो, सिंगापूरचा ‘जीओव्ही डॉट एसजी’, तर थायलंडचा ‘जीओ डॉट टीएच’. दुसरी, नाव पासपोर्टवर आहे तसेच अक्षरशः लिहावे. आपल्या पुष्कळ कुटुंबांत बाप्तिस्म्याचे नाव एक आणि शाळेच्या दाखल्यावरील नाव दुसरे असते. येथे केवळ पासपोर्टवरील नावच ग्राह्य आहे. तिसरी, आगमन पत्रिका म्हणजे व्हिसा नव्हे. व्हिसा लागत असेल तर तो वेगळा घ्यावाच लागतो. चौथी, पत्रिका भरल्यावर मिळणारी पोच कागदावर छापून पासपोर्टसोबत ठेवावी, म्हणजे मोबाइलची बॅटरी संपली तरी अडचण येणार नाही. पाचवी, पत्रिका भरून देणाऱ्याला पासपोर्टची प्रत कायमची ठेवू देऊ नये आणि ओटीपी कोणालाही सांगू नये.

अखेरीस धर्मग्रामांतील युवक-युवतींना आमची विनंती आहे. कोणी काका, मावशी किंवा आजी यात्रेला अथवा परदेशातील लेकीकडे निघाल्याचे कळले, तर निघण्याच्या दोन दिवस आधी त्यांच्या घरी जावे. शेजारी बसून, प्रत्येक प्रश्न मराठीत समजावून, त्यांच्या देखत पत्रिका भरून द्यावी. अर्ध्या तासाचे हे काम आहे. विमानातील अनोळखी सहप्रवासी जे करीत असे, ते आता गावातल्या आपल्याच माणसांनी करावयाचे आहे.