फादरांचा निरोप आणि व्हिसाची मुदत

अमेरिकेतील कॅथलिक धर्मग्रामात, म्हणजे पॅरिशमध्ये, प्रमुख धर्मगुरूंचा निरोप सहसा अनपेक्षित नसतो. १९८३च्या धर्मसंहितेतील ५२२वा नियम त्यांना स्थैर्य देऊ पाहतो. परंतु अमेरिकी बिशप परिषदेच्या नियमानुसार बिशप ही नेमणूक सहा वर्षांपुरती करू शकतात, पुढे वाढवूही शकतात.

भारतातून आलेल्या फादरांचे गणित निराळे. त्यांचा आर-१ व्हिसा जास्तीत जास्त पाच वर्षांचा, आपल्या एच-१बीच्या सर्वसाधारण मर्यादेपेक्षा वर्षभराने कमी! त्यातच २०२३पासून त्यांची ग्रीनकार्डाची रांग कमालीची लांबली. त्यामुळे बाप्तिस्मा, विवाह, अंत्यविधी यांतून जोडलेली माणसे मागे ठेवून कित्येकदा ते निघतात, ते बिशपांच्या आज्ञेने नव्हे, तर व्हिसाची मुदत सरली म्हणून. त्यांच्या जागी लगेच कोणी मिळेल, याची हमी बिशपही देऊ शकत नाहीत.