तिसऱ्या घेताना आकार पाहता का?

तुमच्या घरी तिसऱ्यांचं सुकं किंवा एकशिपी आवडीने खाल्ली जाते का? मग पुढच्या वेळी बाजारात वाटा घेण्याआधी हे जरूर वाचा.

तिसऱ्या येतात कुठून?

कोकणातल्या खाड्यांमध्ये तिसऱ्या वाळूत आणि चिखलात पुरलेल्या असतात. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास ओहोटीला पाणी खूप मागे जातं. तेव्हा किनाऱ्यावरच्या बायका खाडीत उतरून, वाकून हातांनी तिसऱ्या काढतात. त्यासाठी होडी लागत नाही की डिझेल. त्यामुळे अनेक घरांना त्यातून चार पैसे मिळतात. शिवाय तिसऱ्या पाणी गाळून त्यातलं सूक्ष्म अन्न खातात, त्याने खाडीचं पाणीही स्वच्छ होतं.

मग अडचण काय?

तिसरी माशासारखी पळू शकत नाही. जागा सापडली की लहान-मोठ्या सगळ्याच टोपलीत जातात. लहान तिसरीला अंडी सोडायची संधीच मिळाली नाही, तर पुढच्या वर्षी टोपली भरणार कशी?

केरळने काय केलं?

कोल्लमजवळच्या अष्टमुडी तलावात तिसऱ्यांच्याच कुळातल्या शिंपल्या मिळतात. १९८० च्या दशकात परदेशातून मागणी वाढली आणि उपसाही वाढला. १९९३ मध्ये उत्पादन जवळपास निम्म्यावर आलं. मग नियम झाले: अंडी सोडण्याच्या काळात, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी, काढणी बंद, जाळ्याची भोकं मोठी, म्हणजे लहान शिंपल्या खाली गळून पडतील, आणि यंत्राने उपसा नाही. उत्पादन सावरलं. २०१४ मध्ये या व्यवसायाला 'मरीन स्टुअर्डशिप कौन्सिल'चं प्रमाणपत्र मिळालं. असा मान मिळवणारा तो भारतातला पहिलाच मत्स्यव्यवसाय! फ्रान्समध्येही स्कॅलॉप या महागड्या शिंपल्यांची काढणी दर उन्हाळ्यात बंद असते.

तुम्ही काय करू शकता?

• अगदी बारीक तिसऱ्या स्वस्त मिळाल्या तरी घेऊ नका. गिऱ्हाईक नसेल तर त्या काढल्याही जाणार नाहीत.
• कोणत्या खाडीतल्या आहेत ते विचारा. सांडपाणी येणाऱ्या खाडीतल्या टाळा.
• उघडी तिसरी टिचकी मारूनही मिटली नाही, तर टाकून द्या. शिजवूनही जी उघडत नाही, ती खाऊ नका.

मोठ्या तिसऱ्यांसाठी दहा-वीस रुपये जास्त मोजावे लागतील. पण तुमच्या नातवंडांच्या ताटातही एकशिपी असावी, असं वाटत असेल, तर हा सौदा महाग नाही!