नैरोबीचा कोरडा जुलै आणि आपला पाऊस

जुलैत नैरोबीला निघालेल्या मराठी माणसाचा अंदाज बॅग भरतानाच चुकतो. आफ्रिका, विषुववृत्त आणि वर कोरडा ऋतू म्हटल्यावर सुती कपडे आणि गॉगल आधी आत जातात. प्रत्यक्षात पहाटे पारा ११-१२ अंशांवर असतो आणि आभाळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत राखाडी. लोकरी टोप्या आणि जाड जाकिटं घातलेली माणसं कामावर निघालेली दिसतात. फुटपाथवर कोळशाच्या शेगडीवर मक्याची कणसं भाजली जातात. दाणे जागोजागी काळे पडले, की विक्रेता लिंबाची फोड तिखट-मिठात बुडवून कणसावर चोळतो आणि हातात देतो. चव थेट आपल्या पावसाळ्यातली. पाऊस मात्र नाही. कधी सकाळी भुरभुर होते, रस्ता ओला होतो आणि तेवढ्यावरच थांबतं.

आकड्यांत सांगायचं तर जुलैत नैरोबीत सरासरी जेमतेम १५-२० मिलिमीटर पाऊस पडतो. त्याच महिन्यात मुंबईत आठशे मिलिमीटरहून जास्त. ढग आहेत, गारवा आहे, हिंदी महासागर साडेचारशे किलोमीटरवर आहे आणि वाराही समुद्राकडूनच येतो. मग पाऊस का नाही? या प्रश्नाच्या उत्तरात आपल्या पावसाचंही निम्मं उत्तर आहे, म्हणून तो मला फार महत्त्वाचा वाटतो.

आधी थंडीचं बघू. नैरोबी विषुववृत्ताच्या दक्षिणेला जेमतेम सव्वा अंशावर आहे. तिथे दिवस-रात्र वर्षभर जवळपास सारखी, त्यामुळे आपल्या अर्थाने उन्हाळा-हिवाळा नाही. हवा गार राहते ती उंचीमुळे. कळसूबाई, म्हणजे महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर, १,६४६ मीटर उंच आहे. नैरोबीचा मध्यवर्ती भाग त्याच्याही वर वसला आहे आणि पश्चिमेकडची उपनगरं १,८०० मीटरच्या आसपास जातात. या उंचीवर पाणी १०० नव्हे, तर सुमारे ९४ अंशांनाच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजता शिजत नाही. आणखी एक गोष्ट प्रवाशाच्या लक्षात येत नाही. दर हजार मीटरला अतिनील किरणांचं प्रमाण साधारण १० टक्क्यांनी वाढतं आणि पातळ ढग त्यांना पुरते अडवत नाहीत. थंडीत, मळभाखाली हिंडूनही त्वचा भाजू शकते.

ऋतूंची विभागणी तिथे पावसावरून होते. जगाला वेढणारा विषुववृत्तीय पावसाचा पट्टा सूर्यामागोमाग उत्तर-दक्षिण सरकतो आणि नैरोबीवरून वर्षातून दोनदा जातो. मार्च ते मे हा लांब पाऊस, ऑक्टोबर ते डिसेंबर हा आखूड पाऊस. मधल्या दोन फटींत कोरडे ऋतू. जानेवारी-फेब्रुवारीची फट उबदार, स्वच्छ निळ्या आभाळाची. तेव्हा वारे ईशान्येकडून, अरबस्तानाच्या बाजूने येतात आणि कोरडे असतात, त्यामुळे त्या कोरडेपणात काही नवल नाही. नवल आहे ते जून ते सप्टेंबरच्या फटीचं, कारण तेव्हाचा वारा बाष्प घेऊन येतो.

हा वारा निघतो दक्षिण हिंदी महासागरातून. आपल्या उन्हाळ्याच्या शेवटी, म्हणजे तिथल्या हिवाळ्यात, मॉरिशस आणि रियुनियन बेटांच्या दक्षिणेला हवेच्या जास्त दाबाचं मोठं क्षेत्र पक्कं बसतं. तिथून बाहेर पडलेली हवा वायव्येकडे वाहते, मादागास्करच्या उत्तर टोकाला वळसा घालून केनियाच्या किनाऱ्याकडे येते आणि तिच्यापुढे पूर्व आफ्रिकेचं पठार आडवं येतं. शेतातल्या पाटाचं पाणी बांधाला लागलं, की बांधाच्या कडेकडेने जोरात धावतं, तशी ही हवा पठाराच्या पूर्व अंगाने उत्तरेकडे धावू लागते. जमिनीपासून एक-दीड किलोमीटर उंचीवर तिचा वेग ताशी शंभर किलोमीटरपर्यंत आणि कधी त्याहूनही वर जातो. पूर्व केनियावरून ती विषुववृत्त ओलांडते, पृथ्वीच्या परिवलनामुळे उजवीकडे वळते आणि सोमालियावरून अरबी समुद्रात शिरते. पुढची जागा आपल्या ओळखीची आहे: केरळ, कोकण, सह्याद्री.

या झोताचं पहिलं नीट वर्णन नैरोबीतच तयार झालं. पूर्व आफ्रिकेच्या हवामान खात्यात काम करणारे ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञ जॉन फाइंडलेटर यांनी १९६० च्या दशकात केनियातून सोडलेल्या फुग्यांच्या नोंदी तपासल्या. फुगा वर जाताना कुठे आणि किती सरकतो, हे दुर्बिणीतून टिपायचं आणि त्यावरून त्या-त्या थरातल्या वाऱ्याचा वेग काढायचा, अशी ती साधी पद्धत. सुट्या सुट्या नोंदी जोडल्यावर त्यांना वाऱ्याची एक अरुंद, सलग धार दिसली. १९६९ च्या शोधनिबंधात त्यांनी ती दक्षिण गोलार्धापासून भारतापर्यंत जोडून दाखवली. आजही हवामानशास्त्रात तिला सोमाली झोत किंवा फाइंडलेटर झोत म्हणतात. १९७९ मध्ये मोनेक्स या आंतरराष्ट्रीय मोहिमेत विमानांनी या झोताची मोजमापं घेतली. आपल्या मान्सूनचा इतका मोठा दुवा आपल्याकडच्या शाळेच्या पुस्तकांत जवळजवळ सापडत नाही, याची मला खंत वाटते.

आता पुन्हा पावसाकडे. पावसासाठी नुसतं बाष्प पुरत नाही, हवा वर चढावी लागते. चढली की ती थंड होते आणि बाष्पाचे थेंब होतात. केनियात झोताचा मुख्य प्रवाह डोंगराला समांतर धावतो, म्हणून चढण्याचा प्रश्न फारसा येत नाही. शिवाय उत्तरेकडे जाताना त्याचा वेग वाढत जातो. पुढची हवा मागच्या हवेपेक्षा वेगाने निघून गेली, की मधली जागा भरायला वरची हवा खाली उतरते. आणि उतरणारी हवा तापते आणि कोरडी पडते. सोमालियाच्या किनाऱ्यावर याच वाऱ्याने समुद्राचं वरचं पाणी दूर लोटलं जाऊन खालचं थंड पाणी वर येतं, त्यामुळे तिथेही ढगांना बळ मिळत नाही.

नैरोबीचं मळभही यातूनच समजतं. समुद्राकडून पठाराचा चढ चढत आलेली थोडी दमट हवा शहरावर ढगांचा पातळ थर धरते. त्याच्यावर उतरून तापलेल्या हवेचं झाकण असतं, म्हणून ढग उंच वाढू शकत नाही. ऊन अडवण्यापुरता तो जाड, पाऊस पाडण्याइतका नाही. जानेवारी-फेब्रुवारीत रोज नऊ तासांच्या आसपास ऊन पाहणाऱ्या या शहराला जुलैत सरासरी चारच तास मिळतात. सगळा केनिया असा असतो असंही नाही. खचदरीच्या पलीकडे, पश्चिमेला किटालेच्या बाजूला, याच दिवसांत चांगला पाऊस पडतो, कारण तिथे दुसऱ्या बाजूची हवा पोचते.

तोच वारा दोन-अडीच हजार किलोमीटर अरबी समुद्र पार करतो, वाटेत आणखी बाष्प उचलतो आणि सह्याद्रीवर काटकोनात आदळतो. तिथे त्याला वर चढल्यावाचून गत्यंतर नसतं. आफ्रिकेच्या डोंगरांनी ज्याला नुसती दिशा दिली, त्याला आपल्या डोंगरांनी उचललं, एवढाच फरक. आणि त्या फरकापोटी आंबोली-महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो.

शहरालगतच्या नैरोबी राष्ट्रीय उद्यानात या ऋतूचा परिणाम डोळ्यांनी दिसतो. १९४६ मध्ये स्थापन झालेलं हे ११७ चौरस किलोमीटरचं उद्यान तीन बाजूंनी कुंपणात आहे, दक्षिण बाजू मोकळी. पावसाळ्यात झेब्रे आणि इतर चरणारे प्राणी त्या बाजूने अथी-कापिटीच्या माळरानावर पांगतात. माळ सुकला की उद्यानातल्या तळ्यांकडे आणि नदीकाठी परततात. गवत खुजं झालेलं असल्याने गेंडा आणि सिंहसुद्धा लांबून दिसतात. पण दक्षिणेकडच्या माळावर आता वस्ती, कुंपणं आणि रस्ते वाढत आहेत. ती वाट बंद झाली, तर हे उद्यान मोठं प्राणिसंग्रहालय होऊन बसेल. शहराचीही अवस्था नाजूक असते. नैरोबीचं बरंचसं पाणी अबरडेअर डोंगरउतारावरच्या न्डाकाइनी धरणातून येतं. लांब पाऊस फसला, तर कोरड्या महिन्यांत पाणी पाळीपाळीने सोडावं लागतं. मराठवाड्यातल्या वाचकाला यावर वेगळं काही सांगायला नको.

या दिवसांत जाणार असाल, तर स्वेटर, टोपी आणि ऊन नसलं तरी लावायचं सनस्क्रीन न्या. पीतज्वराची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्या. केनियातून परतताना तिचा दाखला भारतात मागतात.

आणि एक मागणं आपल्या हवामानशास्त्रज्ञांकडे आणि सरकारकडे. पूर्व आफ्रिकेत वरच्या हवेची नोंद घेणारे फुगे आजही फार कमी ठिकाणांहून सुटतात. तो झोत किती जोरात आहे, हे तिथे मोजलं गेलं तर आपल्या पावसाच्या अंदाजांना त्याचा उपयोग होतो. केनिया आणि सोमालियातली अशी केंद्रं रोज चालू राहावीत, म्हणून भारताने उपकरणं, प्रशिक्षण आणि पैसा द्यावा. हा खर्च कोकणातल्या आणि देशावरच्या शेतीसाठीच असेल.