घरची भाषा, देवळाची भाषा

ख्रिस्ती घरात श्रद्धा रक्तातून येत नाही. कॅथलिक कुटुंबात मूल तान्हे असतानाच त्याचा स्नानसंस्कार होतो. त्या वेळी 'माझा विश्वास आहे' हे शब्द त्याच्या वतीने आईवडील आणि धर्मपिता-धर्ममाता उच्चारतात. पुढे पहिले कम्युनियन येते, मग दृढीकरण, आणि तिथे तेच शब्द मुलाला स्वतःच्या तोंडाने म्हणायचे असतात. मधल्या वर्षांत देवळातले धर्मशिक्षण आठवड्यातून एखादा तास मिळते. बाकीचे शिकणे घरात होते: संध्याकाळची जपमाळ, जेवणाआधी क्रुसाची खूण, नाताळचा गोठा, आजारपणात आजीने कपाळावर हात ठेवून म्हटलेली प्रार्थना. म्हणून घरची भाषा आणि देवळाची भाषा यांचे नाते कसे आहे, यावर पुष्कळ काही ठरते.

हे नाते पाहायला रायगडकरांना दूर जावे लागत नाही. रोह्यावरून वाहणारी कुंडलिका जिथे समुद्राला मिळते, तिथे उत्तर तीरावर रेवदंडा आणि दक्षिणेला कोर्लई आहे. गडबहून वडखळ, पोयनाड, अलिबाग असा रस्ता धरून रेवदंड्याचा पूल ओलांडला की मुरूड तालुक्यातले कोर्लई गाव लागते. कोर्लईची टेकडी पोर्तुगीजांनी १५९४ मध्ये निजामशाहीकडून जिंकली. १७३९ मध्ये वसई पडली आणि पुढच्याच वर्षी तहाने चौल-कोर्लई मराठ्यांकडे आले. सत्ताधारी गेले, ज्यांना जमले ते ख्रिस्तीही गेले. मागे राहिली ती साध्या कष्टकऱ्यांची वस्ती. तिला ना राजाचा आधार होता ना शाळेचा. तरीही तिने धर्म टिकवला आणि त्याबरोबर भाषाही.

ही भाषा म्हणजे 'नॉ लिंग', अर्थात 'आमची भाषा'. तिचे बहुतेक शब्द पोर्तुगीज आहेत, पण शेजारच्या मराठीने तिची वाक्यरचना खोलवर बदलली आहे. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ जे. क्लॅन्सी क्लेमंट्स यांनी तिचा अनेक वर्षे अभ्यास करून १९९६ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले. ती टिकण्याची कारणे साधी आहेत. लग्ने आपल्यातच होत, भोवतालच्या हिंदू-मुसलमान वस्तीहून ख्रिस्ती म्हणून वेगळेपण होते, आणि देवळात पोर्तुगीज कानावर पडत राहिली. धर्माने भाषेला कुंपण घातले आणि भाषेने धर्माला. दोघांपैकी एक गेले असते तर दुसरे इतके टिकते का, याची शंकाच आहे.

याच किनाऱ्यावर आणखी एक उदाहरण आहे. पेण, रोहे, रेवदंडा भागातल्या बेने इस्रायल ज्यूंनी शतकानुशतके धर्मग्रंथ हाताशी नसताना आपला धर्म सांभाळला. शनिवारी घाणा बंद ठेवायचा म्हणून त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. मुलांची सुंता आणि 'शेमा' ही प्रार्थना त्यांनी सोडली नाही. मुलांना आधी कृती दिसली, अर्थ मागाहून कळला. कोर्लईतही याहून फार वेगळे घडले नसावे.

कोर्लईतला मोठा बदल १९६० च्या दशकात झाला. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषा वापरायला मोकळीक दिली. कोर्लईसारख्या लॅटिन परंपरेच्या देवळांत मिस्सा तोवर लॅटिनमध्ये होत असे. कोर्लईत प्रार्थना आणि प्रवचनातली पोर्तुगीज मागे पडून मराठी आली. मुले शाळेत मराठीच शिकत होती, त्यामुळे शुभवर्तमान त्यांना प्रथमच नीट कळू लागले. हा लाभ मोठा आहे आणि तो नाकारणे अन्यायाचे ठरेल. पण आजीच्या तोंडची प्रार्थना आणि नातवाची प्रार्थना तेव्हापासून वेगळ्या झाल्या, हेही तितकेच खरे.

मराठीतून श्रद्धा पुढे देण्याचा प्रयत्न मात्र व्हॅटिकन परिषदेच्या साडेतीनशे वर्षे आधीचा आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेज्वीट गोव्यात साष्टीला राहत. बाप्तिस्मा घेतलेल्या लोकांच्या हातची पुराणे गेली आणि त्या जागी गाण्यासारखे काही आले नाही, हे त्यांनी ओळखले. त्यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ मध्ये रायतूरला रोमन लिपीत छापले गेले. स्टीफन्स यांची समज इथे दिसते: नुसती प्रश्नोत्तरे पाठ करून श्रद्धा मुरत नाही, तिला चाल लागते. १६८४ मध्ये गोव्यात पोर्तुगीजांनी स्थानिक भाषेविरुद्ध हुकूम काढला. सतराव्या शतकातल्या आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ वाचला तो कानडा किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती कुटुंबांनी जपलेल्या हस्तलिखितांमुळे. त्यांवरून १९०७ मध्ये मंगळूरला तो पुन्हा छापला गेला.

प्रोटेस्टंटांमध्ये रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी भजन-कीर्तनाचा मार्ग धरला. त्यांचे 'ख्रिस्तायन' १९१९ मध्ये त्यांच्या निधनाने अपुरे राहिले. उरलेला बहुतेक भाग पत्नी लक्ष्मीबाईंनी लिहिला आणि पुढे मुलगा देवदत्त यांनी तो ग्रंथ प्रसिद्ध केला. एका घरात वारसा कसा चालतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण मराठीत सापडणे कठीण. अलीकडे वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' हा अनुवाद करून आजच्या मराठीत शिकलेल्या मुलांची सोय केली.

कोर्लईच्या मुलांना आता मराठी बायबल आहे, मराठी गीते आहेत. तिथल्या म्हाताऱ्या बायांना येणाऱ्या नॉ लिंगमधल्या प्रार्थना आणि लग्नातली गाणी मात्र कानडा किनाऱ्यावरच्या त्या घरांसारखी कुणीतरी वहीत उतरवायला हवीत. देवनागरीत ती सहज लिहिता येतात. ज्यांची आजी अजून आहे, त्यांनी हे काम याच वर्षी करावे.