खिशातला चाकू आणि आमची मंडळी



लागण, खत, पाणी आणि तोडणी यांवर या पानांतून आम्ही नेहमीच लिहितो. या वेळचा विषय थोडा निराळा, पण उसाच्या फडातलाच आहे. आपल्या कार्यक्षेत्रात खिशात घडीचा चाकू बाळगणाऱ्यांची एक मंडळी आहे. तिला अध्यक्ष नाही, सचिव नाही, वर्गणी नाही, आणि आजवर तिची नोंदणी करावी असेही कोणी सुचवलेले नाही (सहकाराच्या मुलखात हे एक नवलच म्हणायचे). तरी या मंडळीची ओळख पटायला एक वाक्य पुरते. गट ऑफिसच्या पडवीत खताच्या पोत्याची शिवण सोडवता सोडवता कोणी तरी विचारतो, "चाकू हाय का कुणाकडं?" आणि एकदम चार हात चार खिशांकडे जातात. त्या चौघांनी एकमेकांकडे बघून हसले की समजावे, मंडळी जमली.

आम्ही शेतकी खात्यातले, त्यामुळे चाकू आमच्याही खिशात असतोच. उसाच्या पोटात अळी आहे का, कांडीचा गाभा रंगला आहे का, डोळा जिवंत आहे का, हे बाहेरून बघून कळत नाही. कांडी उभी चिरावी लागते. पण आमचा चाकू नोकरीपुरता. खरे शौकीन ते आपले सभासद.

त्यांत सर्वांत वडीलधारे एक आबा आहेत. त्यांचा चाकू गावच्या लोहाराने ट्रकच्या कमानपाट्याच्या तुकड्यातून घडवलेला, मूठ शिंगाची. इतक्या वर्षांच्या पाजळण्याने पाते झिजून निम्म्यावर आले आहे. नवा घ्या म्हटले तर म्हणतात, "म्हातारा झाला म्हणून मला बदललं का घरच्यांनी?" दुसरे एक फौजेतून निवृत्त झालेले भाऊ. त्यांच्याकडे तांबड्या मुठीचा, अनेक अवजारांचा चाकू आहे. त्यातली कात्री आणि चिमटा गावातल्या पोरांच्या पायांतले काटे काढण्यातच जास्त वापरला गेला. एका तरुण पदवीधराकडे कुलूप पडणारा नव्या घडणीचा चाकू आहे. तो एका हाताने उघडतो आणि त्याची त्याला थोडी मिजासही आहे. आणि बेणे मळ्यात काम करणाऱ्या एक आक्का. त्यांचा बोटाएवढा चाकू कनवटीला असतो. एक डोळ्याची टिपरी कापताना त्यांचा हात असा चालतो की बाकीचे शौकीन आपापले चाकू मुकाट्याने मिटून ठेवतात.

यांचा दिवस चाकूशिवाय जात नाही म्हणजे काय, ते एखाद दिवस त्यांच्याबरोबर फिरल्याशिवाय कळायचे नाही. सकाळी ठिबकची नळी फुटली तर तेवढा तुकडा कापून जोड घालायचा. बैलाच्या दाव्याला बसलेली गाठ सुटत नाही, कापायची. न्याहारीला बांधावर बसले की कांदा बुक्कीने फोडायचा, हे खरेच. पण काकडी मात्र चाकूनेच, आणि फोडी पात्यावरूनच दुसऱ्यापुढे करायच्या. दुपारी पोराची पेन्सिल. संध्याकाळी चहाच्या टपरीवर बसून काही काम नसले तर बाभळीच्या काटकीची साल काढत बसायचे. या शेवटच्या कामातून काहीच निष्पन्न होत नाही, पण गप्पा मात्र त्याच वेळी रंगतात. उसाची बिले, पाटाची पाळी, लेकीचे स्थळ, सारे त्या सालपटांबरोबर खाली पडत असते.

मंडळीचे काही रिवाज आहेत. दुसऱ्याला चाकू द्यायचा तो मिटून, नाही तर मूठ त्याच्याकडे करून. परत करायचा तो पुसून. उसने घेतलेल्या चाकूने तार कापायची नाही, डबा उचकटायचा नाही आणि स्क्रू पिळायचा नाही. हे करणाऱ्याला पुन्हा चाकू मिळत नाही. इंग्लंडात म्हणे चाकू भेट दिला तर घेणाऱ्याने एक नाणे परत करायचे, म्हणजे चाकू 'विकत' घेतल्यासारखा होतो आणि मैत्री कापली जात नाही. आमच्या फौजी भाऊंनी हे सांगितल्यापासून आपल्याकडेही रुपया द्यायची पद्धत पडली आहे. आबांनी तो रुपया आजवर कुणाकडून घेतला नाही, ही गोष्ट निराळी.

धार या विषयावर मात्र एकमत नाही, आणि होणारही नाही. एक पक्ष कुरुंदाच्या दगडाचा, दुसरा पक्ष कानशीचा, तिसरा म्हणतो ओढ्यातला गुळगुळीत दगड आणि वर थुंकी, बस्स. धार लागली की नाही हे कोणी वर्तमानपत्राचा कागद उभा धरून कापून बघतो, कोणी मनगटावरचे केस काढून दाखवतो. (या दुसऱ्या परीक्षेमुळे काही सभासदांची मनगटे ओळखू येतात.) पोलादावरही असाच वाद. साध्या पोलादाचे पाते पटकन आणि चांगले पाजळते, पण उसाचा रस लागून तासभर राहिले तर काळे पडते, रात्रभर राहिले तर गंजते. न गंजणारे पोलाद १९१३ साली इंग्लंडातल्या शेफील्डला हॅरी ब्रिअर्ली यांनी काढले, आणि पुढे सुऱ्या-चाकूंच्या धंद्याचे रूपच पालटले. आबा त्याला 'मिळमिळीत लोखंड' म्हणतात. आमच्या मते रोज पुसून बोटभर गोडेतेल लावणार असाल तर साधे पोलाद घ्या. तेवढा उरक नसेल तर न गंजणारे बरे.

खिशातला चाकू ही शेतकऱ्याचीच वस्तू आहे, हे आपल्याकडे लोक विसरतात. चाकू म्हटला की त्यांना सिनेमाच आठवतो. उत्तर प्रदेशातल्या रामपूरचा चाकू पडद्यावर इतका चमकला की चाकूवाला म्हणजे दांडगा, अशी समजूत झाली. पण फ्रान्सच्या आल्प्स डोंगरातल्या सावोय मुलखात १८९० साली ओपिनेल नावाच्या अवजारे घडवणाऱ्या घराण्यातल्या जोसेफ या पोराने एक साधा घडीचा चाकू केला. लाकडी मूठ, पोलादी पाते, एक खिळा. तो घेतला कोणी, तर तिथल्या शेतकऱ्यांनी. १८९७ पासून त्याला आकाराप्रमाणे नंबर आहेत, आणि वापरताना पाते मिटून बोट कापू नये म्हणून १९५५ साली मुठीला फिरते कडे बसवले. आठ नंबरचे पाते साडेआठ सेंटिमीटरचे, म्हणजे आपल्या चार बोटांच्या आसपास. बाकी चाकू आजही तोच. स्वित्झर्लंडच्या शिपायाला दिलेला चाकूसुद्धा मारामारीचा नव्हता. बंदूक खोलायला स्क्रू-ड्रायव्हर, जेवणाचा डबा उघडायला उघडणी, भोक पाडायला टोच्या आणि एक पाते. कार्ल एल्सनर यांनी १८९१ पासून तो आपल्या देशाच्या फौजेला पुरवला. भाऊ हे सांगू लागले की आबा ऐकून घेतात आणि शेवटी एवढेच म्हणतात, "म्हंजे तिथं बी डबाच उघडायचा व्हय!"

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला ती सांगतो.

या मंडळीतले दोन जिवलग सभासद मध्यंतरी पुरा एक हंगाम एकमेकांशी बोलत नव्हते. कारण चाकूच. त्यांतल्या एकाने प्रक्रिया केलेले बेणे आणून बेणे मळा केला होता. प्लॉट बघायला लोक येऊ लागले. बेणे बघायला आलेला माणूस काय करतो हे आपण जाणतोच. ऊस मोडतो, चाकू काढतो, कांडी चिरतो, डोळा बघतो, आणि मग शेजारच्या सरीत जाऊन पुन्हा तेच. हे दुसरे सभासद सकाळी आपल्या खोडव्यातून थेट तिथे आले आणि खिशात हात घातला. मळ्याचे मालक म्हणाले, "दाजी, तुमचा चाकू खिशातच राहू द्या. आणि माझा बी मागू नका." झाले. ज्याच्याबरोबर वीस वर्षे एका चाकूने काकडी खाल्ली, त्याने चारचौघांत चाकू नाकारला! आपल्याकडे चाकू न देणे म्हणजे पाणी न देण्यासारखे. दाजी तिथून जे निघाले ते टपरीवरची आपली जागाही सोडून गेले.

मळ्याच्या मालकांचे म्हणणे चुकीचे नव्हते. उसाला खोडवा खुजा रोग होतो. तो प्रथम १९४४-४५ च्या हंगामात ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडला लक्षात आला. जंतू उसाच्या रस वाहणाऱ्या नळ्यांत राहतो. वरून पान पिवळे पडत नाही, डाग पडत नाही, नुसता ऊस बारीक होतो, कांड्या आखूड राहतात, आणि लागणीपेक्षा खोडव्यात नुकसान जास्त. शेतकरी म्हणतो पाणी कमी पडले, खत कमी पडले. हा रोग वाऱ्याने येत नाही. येतो तो रोगट बेण्यातून आणि कापणाऱ्या अवजाराच्या पात्यावरच्या रसातून. कोयता असो, बेणे तोडायचे यंत्र असो, की आपल्या खिशातला चाकू असो, रोगट उसातून निघून निरोगी उसात शिरले की पात्याने आपले काम केलेच. म्हणजे आमच्या मंडळीचा सगळ्यांत चांगला गुण, मागेल त्याला चाकू देणे, तोच इथे घातक ठरतो.

दिलजमाई करायला कोणी मध्यस्थ गेला नाही. दाजींच्याच खोडव्याची वाढ खुंटली होती. त्यांनी आम्हाला बोलावले. आम्ही पक्व उसाच्या बुडख्याजवळच्या कांड्या त्यांच्यासमोर त्यांच्याच चाकूने उभ्या, तासल्यासारख्या पातळ कापल्या. पेऱ्याच्या आत टाचणीच्या टोकाएवढे नारिंगी-तांबडे ठिपके होते. असे ठिपके दिसले म्हणजे हाच रोग, असे नुसत्या डोळ्यांनी खात्रीने म्हणता येत नाही, म्हणून नमुना तपासणीला पाठवला. तो रोगाचाच निघाला. अहवाल वाचून दाजी बराच वेळ चाकूचे पाते बघत बसले. मग म्हणाले, "मग त्यानं नाही म्हटलं ते बरंच केलं की." त्या संध्याकाळी ते टपरीवर गेले. काय बोलणे झाले ते आम्हास ठाऊक नाही. दोघे एकाच बाकावर बसून साल काढत होते, एवढे मात्र दिसले.

पण तंटा तिथे संपला नाही, कारण पाते निर्जंतुक करायचे कसे यावर सारी मंडळी पेटली. आमच्या खात्यातल्या एकाने पाते जाळावर धरायला सांगितले. आबा उखडले. "पोलादाचं पाणी उतरलं तर तुम्ही भरून देणार का?" त्यांचे म्हणणे बरोबर आहे. पाते निळे पडेपर्यंत तापवले तर ते मऊ होते आणि मग कितीही पाजळा, धार टिकत नाही. ब्लीचिंगच्या पाण्याने जंतू मरतात, पण पाते आणि खिळा दोन्ही गंजतात. शेवटी तोड निघाली ती आक्कांच्या सवयीतून. त्या आधीपासूनच दोन चाकू ठेवतात. एक हातात, एक डब्यात. आता डब्यात सत्तर टक्के स्पिरिट असते. पात्यावरचा रस आणि चोथा आधी फडक्याने नीट पुसायचा, कारण रसाचा थर राहिला तर औषध खाली पोचत नाही. मग पाते किमान पाच मिनिटे बुडवून ठेवायचे, तोवर दुसऱ्या चाकूने काम चालू. घडीच्या चाकूचा सांधाही उघडा करून पुसायचा. रस तिथेच दडून बसतो. स्पिरिट पेट घेते, तेव्हा त्याच्याजवळ बिडी नको.

आता बेणे मळ्याच्या फाटकाशी एक डबा, फडके आणि मळ्याचे स्वतःचे दोन चाकू टांगलेले असतात. येणारा आपला चाकू खिशात ठेवतो आणि तिथला घेतो. सुरुवातीला जुन्या मंडळींना हे अपमानाचे वाटले. आबा पहिल्यांदा गेले तेव्हा आपला झिजका चाकू त्यांनी खिशातून काढून फाटकावर ठेवला, मळ्यातला घेतला, धार अंगठ्याने बघितली आणि म्हणाले, "ह्याला कुणी पाजळलंय? नांगराचा फाळ बरा." दुसऱ्या दिवशी दगड घेऊन आले. तेव्हापासून मळ्याच्या चाकूंची धार त्यांच्याकडे आहे.

एक सूचना जाता जाता. सण, मोर्चा, निवडणूक अशा वेळी पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली शस्त्रबंदीचा हुकूम निघतो, तेव्हा चाकू घरी ठेवावा. विमानात तर तो हातच्या सामानात चालतच नाही. आपल्या वार्षिक सर्वसाधारण सभेलाही मंडळीने चाकू आणू नयेत; तिथे जिभेची धार पुरते असा आमचा अनुभव आहे.

बेण्याबाबत म्हणाल तर, खुजा रोगावर उभ्या पिकात फवारायचे औषध नाही. बेण्याला ५० अंश सेल्सिअसच्या गरम पाण्यात दोन तास ठेवून मगच मूळ बेणे मळा करावा, किंवा ऊतिसंवर्धित रोपे आणावीत, आणि तीन-चार वर्षांनी बेणे बदलावे. ज्यांचा खोडवा कारण नसताना खुजा राहिला आहे त्यांनी गट ऑफिसात नाव नोंदवावे. आम्ही येऊन कांडी चिरून बघू. स्पिरिटचा डबा आमच्या मोटारसायकलच्या पेटीत असतो. चाकूही आमचाच आणू, तुमचा मागणार नाही.