‘डिग्री बदला’ची नव्वद वर्षे

मराठी माध्यमात शिकलेल्या कोणालाही इंग्रजीच्या पेपरातला ‘चेंज द डिग्री’ हा प्रश्न आठवतो. ‘राम इज द टॉलेस्ट बॉय इन द क्लास’ हे वाक्य दिलेले असे, आणि ते आधी ‘टॉलर दॅन एनी अदर बॉय’ असे व मग ‘नो अदर बॉय इज ॲज टॉल ॲज राम’ असे फिरवायचे असे. वर्धा जिल्ह्यात आर्वी, देवळी, समुद्रपूर, हिंगणघाट इथल्या शाळांत पिढ्यान् पिढ्या हा साचा घोटून घेतला गेला आणि बहुतेकांनी त्यावर गुणही मिळवले. मात्र हीच मुले पुढे मुलाखतीला गेली की ‘मोअर बेटर’ म्हणतात, अर्जात ‘वन ऑफ द बेस्ट स्टुडंट’ लिहितात. पेपरात बरोबर आलेले बोलताना चुकते, याची कारणे या धड्याच्या इतिहासात सापडतात. वर्ध्यापुरता तो इतिहास 1930च्या दशकात सुरू होतो.

त्या दशकाच्या मध्यावर रेन आणि मार्टिन यांचे इंग्रजी व्याकरण प्रसिद्ध झाले आणि बघता बघता भारतभरच्या हायस्कुलांत पोचले. त्याआधी नेसफील्डच्या व्याकरणाचा दबदबा होता. या पुस्तकांच्या मागे इंग्लंडमधली अठराव्या शतकातली परंपरा उभी होती. शेक्सपिअरच्या काळी ‘मोअर’ आणि ‘-अर’ एकाच विशेषणाला लावणे चूक समजले जात नसे. त्याच्या ‘ज्युलियस सीझर’ नाटकातही ‘मोस्ट’ आणि ‘-एस्ट’ एकत्र आलेले आहेत. 1762 मध्ये रॉबर्ट लाउथने आणि 1795 मध्ये लिंडले मरेने आपापल्या व्याकरणांत अशा दुहेरी रूपांना दोष दिला, आणि शाळेच्या इंग्रजीतून ती हद्दपार झाली. आपल्याकडे आलेला नियम हा असा गाळून, पक्का होऊन आला. सोबत वाक्यरूपांतराचा सरावही आला. ज्याला तुलना आधीच करता येते त्याच्यासाठी तो सराव चांगला आहे. ज्याला ती अजून करायचीच आहे त्याच्या हाती त्यातून फक्त शब्दांची अदलाबदल लागते.

याच सुमारास वर्ध्यात शिक्षणाचा एक वेगळा विचार आकार घेत होता. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. डॉ. झाकिर हुसेन समितीने तिच्या ठरावांवरून सात वर्षांच्या शिक्षणाची योजना तयार केली. शिक्षण मातृभाषेतून द्यायचे, मध्यभागी एखादा उद्योग ठेवायचा आणि गणित, भूगोल, भाषा हे सारे त्या उद्योगाच्या अनुषंगाने शिकवायचे, असा तिचा गाभा होता. अशा शिकवण्याला समवाय पद्धती म्हणतात, आणि ही योजना नई तालीम म्हणून ओळखली जाते. सेवाग्रामला हिंदुस्थानी तालीमी संघाच्या शाळेत ई. डब्ल्यू. आर्यनायकम आणि आशादेवी यांनी ही पद्धत प्रत्यक्षात आणली. मुले टकळीवर सूत काततानाच तारा मोजत, वजन करत, नोंदी ठेवत.

या योजनेत इंग्रजीला जागा नव्हती, आणि त्यामागे सबळ कारण होते. परक्या भाषेच्या ओझ्याखाली मुलांची विचारशक्ती दबते, हे गांधीजींचे म्हणणे अनुभवातून आलेले होते. पण त्याचा परिणाम असा झाला की वर्ध्याची पद्धत आणि इंग्रजीचा तास यांची कधी गाठच पडली नाही. वस्तू हातात घेऊन शिकवणारी पद्धत सेवाग्रामात राहिली आणि इंग्रजी हायस्कुलात व्याकरणाच्या पुस्तकातून शिकवले गेले. या मागोव्यात सर्वात जास्त हळहळ वाटते ती या चुकलेल्या गाठीबद्दल.

1956 मध्ये विदर्भ मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात. 1967 मध्ये बालभारतीची स्थापना झाली आणि राज्यभर एकसारखी पाठ्यपुस्तके मिळू लागली. मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून सुरू होई. 1975 मध्ये जुन्या अकरावीच्या मॅट्रिकऐवजी दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली आणि इंग्रजीचा पेपर म्हणजे ग्रामीण मुलांच्या वाटेतला मोठा अडसर बनला. गाइडे, डायजेस्ट आणि ‘अपेक्षित’ प्रश्नसंच घरोघरी आले. त्यात ‘डिग्री’साठी तीन साचे असत: ‘नो अदर’चा, ‘व्हेरी फ्यू’चा आणि साध्या दोघांमधल्या तुलनेचा. शिक्षकांना दोष देता येत नाही. साठ मुलांच्या वर्गात, आठवड्याच्या मोजक्या तासांत, हमखास गुण मिळवून देणारी गोष्ट त्यांनी पक्की करून घेतली. ज्या मुलाच्या घरी इंग्रजीचा एक शब्द कानावर पडत नव्हता, त्याला त्या साच्यांनी दहावी पार करून दिली, हे श्रेय मोठे आहे.

2000 पासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आले. ‘बिग, बिगर, बिगेस्ट’ आता चित्रांतून लवकर कानावर पडते, आणि पुढे सेमी-इंग्रजीच्या वर्गांत विज्ञान-गणिताच्या निमित्ताने तुलनेची वाक्ये वाचावीही लागतात. हा बदल चांगला झाला. तरी जुन्या चुका तशाच राहिल्या आहेत, कारण त्यांचे मूळ मराठीच्या घडणीत आहे आणि ते वर्गात क्वचितच समजावले जाते.

मराठीत तुलना करताना विशेषण हलत नाही. ‘वर्धा नागपूरपेक्षा लहान आहे’ या वाक्यात ‘लहान’ तसेच राहते. तुलनेची सगळी खूण ‘नागपूर’ला लागलेल्या ‘पेक्षा’त असते. म्हणून मूल आधी ‘वर्धा इज स्मॉल दॅन नागपूर’ म्हणते. इंग्रजीला दोन खुणा लागतात: विशेषणात बदल आणि नंतर ‘दॅन’. मराठीत ‘जास्त उंच’ चालते, त्यामुळे ‘मोअर टॉलर’ तोंडात येते. तिथे ‘जास्त’चे काम ‘-अर’ने आधीच केलेले असते. ‘सर्वात उंच’ला मराठीत उपपद लागत नाही, म्हणून ‘टॉलेस्ट’च्या आधीचे ‘द’ गळते. या तीन गोष्टी मराठीतूनच शांतपणे सांगितल्या तर निम्म्या चुका जातील.

आपल्याकडेही विशेषणाची अशी रूपे आहेत, हेही मुलांना दाखवावे. गणितातल्या लसावि-मसावितले ‘लघुतम’ आणि ‘महत्तम’ ही तम-भावाचीच रूपे. ‘ज्येष्ठ’, ‘कनिष्ठ’, ‘श्रेष्ठ’ यांतला संस्कृत ‘-इष्ठ’ आणि इंग्रजीतला ‘-एस्ट’ हे एकाच प्राचीन मुळातून आलेले प्रत्यय आहेत. हे कळले की परका वाटणारा नियम ओळखीचा होतो.

रूपांचा नियम थोडक्यात असा. एका अवयवाच्या शब्दाला ‘-अर’ आणि ‘-एस्ट’ लागतात: हॉट, हॉटर, हॉटेस्ट. ‘हॅपी’सारख्या दोन अवयवांच्या, ‘वाय’ने संपणाऱ्या शब्दांचे ‘हॅपिअर’ होते. लांब शब्दांना ‘मोअर’ आणि ‘मोस्ट’ लावायचे. ‘गुड’ आणि ‘बॅड’ यांची रूपे पाठच करावी लागतात. ‘सीनियर’, ‘ज्युनियर’, ‘सुपीरियर’ हे लॅटिनमधून आलेले शब्द ‘दॅन’ऐवजी ‘टू’ घेतात.

क्रियाविशेषणांकडे तर आपण फारच कमी लक्ष दिले. ‘फास्ट’, ‘हार्ड’, ‘अर्ली’ यांना ‘-अर’ लागतो. ‘-ली’ जोडून तयार झालेल्या ‘क्विकली’, ‘केअरफुली’ यांना ‘मोअर’. आणि ‘वेल’चे ‘बेटर’ होते. नई तालीमची टकळी इथे कामी येते. दोन मुली सूत काततात. एक ‘स्पिन्स फास्टर’, दुसरी ‘स्पिन्स मोअर ईव्हनली’. एकीच्या हाताला वेग आहे, दुसरीची तार एकसारखी आहे. त्यांचे सूत हातात घेतले की विशेषण येते: तीस अंकाचे सूत वीस अंकाच्या सुतापेक्षा ‘फायनर’ असते, कारण अंक वाढतो तशी तार बारीक होते. कृतीला क्रियाविशेषण आणि वस्तूला विशेषण, हा भेद टकळीसमोर बसलेल्या मुलाला वेगळा समजवावा लागत नाही.

वर्धा जिल्ह्यात असे साहित्य जागोजागी आहे. एकोणिसाव्या शतकात हिंगणघाटचा कापूस देशी कापसांत लांब आणि तलम धाग्यासाठी नावाजलेला होता. आजही बाजार समितीत कापसाचा भाव ठरतो तो धाग्याची लांबी, ओलावा, स्वच्छता यांच्या तुलनेवर. शेतकऱ्याचे मूल ही भाषा घरी ऐकत असते. ‘लाँगर’, ‘ड्रायर’, ‘क्लीनर’ हे शब्द त्याला तिथूनच द्यावेत. 2014 मध्ये व्याघ्र प्रकल्प झालेले बोर अभयारण्य देशातल्या सर्वात लहान व्याघ्र प्रकल्पांपैकी एक आहे. ‘वन ऑफ द स्मॉलेस्ट टायगर रिझर्व्ह्‌ज’ म्हणताना नाम अनेकवचनी का हवे, हे या उदाहरणातून लगेच पटते: लहान प्रकल्प अनेक आहेत आणि बोर त्यांतला एक.

‘एनी अदर’मधल्या ‘अदर’चेही तसेच आहे. नागपूर विदर्भातल्या इतर कोणत्याही शहरापेक्षा मोठे आहे. नागपूर स्वतः विदर्भात असल्याने इथे ‘अदर’ हवा, नाहीतर ते स्वतःहूनही मोठे ठरेल. पुणे विदर्भातल्या कोणत्याही शहरापेक्षा मोठे आहे. पुणे विदर्भात नाही, म्हणून तिथे ‘अदर’ नको. साचा पाठ केलेल्या मुलाला हा फरक दिसत नाही. नकाशा समोर घेऊन विचार करणाऱ्याला तो चटकन दिसतो.

तुलना हे आधी विचाराचे काम आहे. कोणाची, कोणाशी, कोणत्या बाबतीत आणि कोणत्या गटात, हे चार प्रश्न सुटले की व्याकरण पाठोपाठ येते. नव्वद वर्षे आपण शेवटच्या पायरीवर सगळा जोर दिला आणि आधीच्या चार पायऱ्या मुलांनी आपोआप चढाव्यात अशी अपेक्षा ठेवली. समवायाची पद्धत नेमक्या या पायऱ्यांसाठी आहे, आणि ती शोधायला वर्ध्याच्या शिक्षकाला दूर जावे लागत नाही. सेवाग्रामच्या आवारात 2005 पासून आनंद निकेतन शाळेने नई तालीमचे काम पुन्हा सुरू केले आहे.

म्हणून इंग्रजीच्या शिक्षकांना एवढीच विनंती आहे: ‘चेंज द डिग्री’ फळ्यावर लिहिण्याआधी एक तास मुलांना मोजू द्या, तोलू द्या, आणि जे दिसले ते इंग्रजीत सांगू द्या. वाक्ये चुकतील, ती तिथल्या तिथे दुरुस्त करा. परीक्षेचा साचा त्यानंतर शिकवला तरी चालेल, आणि तो लवकर येईल.